शून्य म्हणजे झालं

संगणकाच्या काळ्या खिडकीत कमांड लिहून जे प्रोग्रॅम चालवले जातात, त्यातला प्रत्येक प्रोग्रॅम काम संपवून जाताना एक आकडा मागे ठेवतो. तो पडद्यावर दिसत नाही, विचारावा लागतो. लिनक्सवर डॉलरचं चिन्ह आणि त्याला जोडून प्रश्नचिन्ह लिहिलं की कळतो. शून्य असेल तर काम झालं. १ पासून २५५ पर्यंत काहीही असेल तर कुठेतरी अडलं. याला एक्झिट कोड म्हणतात. मी सर्व्हर सांभाळायची नोकरी करतो. या आकड्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण आमच्या धंद्यात याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि त्याची किंमत बहुतेक वेळा संगणकाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांना मोजावी लागते.

शून्य म्हणजे यश, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. प्रगतिपुस्तकात शून्य आलं की घरी काय व्हायचं ते आपल्याला ठाऊक आहे. पण यामागचा हिशेब सरळ आहे. काम नीट झालं तर आणखी विचारण्यासारखं फारसं उरत नाही, त्याला एक आकडा पुरतो. बिघडण्याचे प्रकार मात्र ढीगभर. फाइल नव्हती, परवानगी नव्हती, डिस्क भरली, नेटवर्क तुटलं, कमांडच चुकीची लिहिली. त्यांच्यासाठी उरलेले २५५ आकडे. काही आकड्यांचे अर्थ शेलने, म्हणजे आपल्या कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, ठरवून दिलेले आहेत. १२७ आला तर त्या नावाची कमांड सापडलीच नाही. १२६ आला तर सापडली, पण चालवता आली नाही. प्रोग्रॅम मध्येच कुणी मारला तर १२८ मध्ये त्या इशाऱ्याचा क्रमांक मिळवायचा. १३० म्हणजे कुणीतरी कंट्रोल-सी दाबलं. १३७ म्हणजे ९ नंबरचा इशारा आला, आणि तो पुष्कळदा मेमरी संपल्यावर खुद्द कर्नलने दिलेला असतो. रात्री १३७ दिसला की मी लॉग उघडण्याआधी मेमरी बघतो.

कुणी म्हणेल, काही अडलं तर प्रोग्रॅम पडद्यावर तसं लिहितोच की, मग आकडा कशाला? लिहितो, पण ते वाचायला समोर माणूस हवा. खरं तर तो संदेशसुद्धा सुरुवातीला धड जागी जात नव्हता. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं तेव्हा चुकांचे संदेश नेहमीच्या निकालातच मिसळत. एका प्रोग्रॅमचा निकाल दुसऱ्याला जोडला की तक्रारीचं वाक्यही माहिती समजून पुढचा प्रोग्रॅम गिळायचा. सहाव्या आवृत्तीनंतर डेनिस रिची यांनी तक्रारींसाठी वेगळी वाट काढून दिली, ती स्टँडर्ड एरर. ही वाट माणसांसाठी. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला जे सांगायचं ते त्या एका आकड्यात. रात्री दोन वाजता क्रॉन एखादी स्क्रिप्ट चालवतो तेव्हा समोर कुणी बसलेलं नसतं. आकडा विचारला गेला नाही तर त्या रात्री काय झालं हे जाणणारं जगात कुणीच नसतं.

आपल्याकडच्या निकाहात वकील आणि दोन गवाह आतल्या खोलीत मुलीकडे जातात, तिची रजामंदी घेतात आणि बाहेर येऊन काझीसाहेबांना सांगतात. वकील परत आला, एवढ्यावर काझीसाहेब निकाह पढवत नाहीत. तो काय उत्तर घेऊन आला ते विचारतात, गवाहांनाही विचारतात. स्क्रिप्ट लिहिणारे बरेच जण मात्र वकील परतलेला दिसला की लगेच खारका वाटायला लागतात.

निकाहाचा विषय निघालाच आहे तर कोकणातल्या एका जमातीच्या दफ्तराची हकीकत सांगतो. गावाचं नाव घेत नाही, कुणाला दोष द्यायचा माझा हेतू नाही. जमातीकडे निकाहाची जुनी रजिस्टरं होती, काही उर्दूत, काही मराठीत. कॉलेजात शिकणाऱ्या गावातल्याच एका मुलाने सुट्टीत बसून ती पानं एकेक करून स्कॅन केली, जुन्या पीसीवर उबुंटू बसवलं आणि रोज रात्री सगळ्या चित्रांचा बॅकअप मुंबईतल्या एका मशीनवर जाईल अशी स्क्रिप्ट लिहिली. एक पैसा न घेता केलेलं, कौतुकाचं काम. स्क्रिप्ट संपली की जमातीच्या खजिनदारांच्या फोनवर मेसेज यायचा, 'बॅकअप पूर्ण'. चाचा फजरला उठले की तो मेसेज बघत. पुढे तो मुलगा नोकरीसाठी आखातात गेला. पीसीची हार्डडिस्क कुरकुरायला लागली म्हणून नवी बसवली, चित्रं नव्या फोल्डरमध्ये ठेवली. स्क्रिप्टला हे कुणी सांगितलं नाही. ती जुन्याच फोल्डरचा पत्ता धरून बसली. मेसेज रोज येत राहिला.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि आसपासच्या भागात पूर आला, तेव्हा दफ्तरात छातीएवढं पाणी चढलं. रजिस्टरांचा लगदा झाला, पीसी चिखलात गेला. चाचा शांत होते. लोकांना सांगत होते, कागद गेले तर जाऊ द्या, निकाहाचं दफ्तर मुंबईला सुखरूप आहे.

मला बोलावलं ते मुंबईच्या मशीनवरून चित्रं काढून द्यायला. फाइली होत्या. रोजची एक, नावात तारीख, ओळीने तीस. प्रत्येकीचा आकार शंभर बाइटच्या आत. एका स्कॅन केलेल्या पानाचं चित्रसुद्धा लाखो बाइटचं असतं. तीसच का, तर जागा वाचावी म्हणून स्क्रिप्ट तीस दिवसांपूर्वीच्या फाइली पुसून टाकत होती. चित्रांनी भरलेल्या जुन्या फाइली होत्या, त्या अशाच एकेक करून पुसल्या गेल्या. रोज रात्री एक रिकामी फाइल आत, एक भरलेली बाहेर, आणि सकाळी चाचांना मेसेज.

स्क्रिप्ट तीन ओळींची होती. पहिल्या ओळीत तीन कमांडी पाइपने जोडलेल्या. टार सगळ्या चित्रांचं गाठोडं बांधतो, जीझिप ते आवळून लहान करतो, एसएसएच ते मुंबईला पोचवतो. दुसऱ्या ओळीत जुन्या फाइली पुसायच्या, तिसरीत मेसेज पाठवायचा. टारला फोल्डर सापडला नाही. त्याने तशी तक्रार लिहिली आणि २ हा आकडा देऊन तो गेला. तक्रार कुणाला दिसली नाही, कारण क्रॉनच्या ईमेलांचा त्रास नको म्हणून स्टँडर्ड एररचं तोंड कधीतरी बांधून ठेवलं होतं. जीझिपच्या हातात रिकामं गाठोडं आलं, ते त्याने मन लावून आवळलं आणि शून्य दिलं. एसएसएचने ते मुंबईला नेऊन ठेवलं आणि शून्य दिलं. दोघंही खोटं बोलले नाहीत, त्यांना दिलेलं काम त्यांनी केलं. पण पाइपने जोडलेल्या साखळीचा निकाल म्हणून शेल फक्त शेवटच्या कमांडीचा आकडा धरतो. टारचा २ तिथेच बुडाला. बुडाला नसता तरी फरक पडला नसता म्हणा, कारण पुढच्या दोन ओळी आकडा न विचारताच चालत होत्या.

हदीसच्या अभ्यासात हा प्रश्न हजाराहून जास्त वर्षांपूर्वी ओळखला गेला आहे. माझ्या बिगरमुस्लिम वाचकांसाठी सांगतो. हदीस आपल्यापर्यंत येते ती सनदीसकट, म्हणजे अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने त्याच्या आधीच्याकडून, अशा साखळीने. मुहद्दिस, म्हणजे हे तपासणारे विद्वान, शेवटच्या सांगणाऱ्याचा चेहरा बघून थांबत नाहीत. साखळीतल्या प्रत्येक रावीची चौकशी होते. स्मरणशक्ती कशी होती, सचोटी कशी होती, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याची आणि याची गाठ पडणं शक्य तरी होतं का. मधला एक रावी कच्चा निघाला तर बाकीचे कितीही पक्के असोत, ती सनद जईफ, कमजोर. शेल आपणहून एवढी चौकशी करत नाही, पण त्याला करायला लावता येते. बॅशमध्ये स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ओ पाइपफेल' एवढं लिहिलं की साखळीतला कुणीही अडला तरी सगळ्या साखळीचा निकाल अपयशाचा लागतो. ही सोय बॅशमध्ये वर्षानुवर्षं आहे, २०२४ च्या पॉझिक्स मानकातही ती आली. जमातीच्या त्या स्क्रिप्टला ही एक ओळ हवी होती, आणि 'हे झालं तरच पुढचं' असं सांगणारी दोन अँडची जोडी. मग तिसाव्या रात्रीही जुन्या फाइली जागेवर राहिल्या असत्या.

याचा फटका कुणाला बसला, तर गावातल्या एका खालांना. त्यांचे शोहर आखातात काम करत होते, तिथेच वारले. कंपनीकडून यायच्या रकमेसाठी निकाहाचा पुरावा मागितला गेला. घरातला निकाहनामा पुरात गेला होता, जमातीची नोंदही गेली होती. दोन गवाहांपैकी एक हयात होते, तेही अंथरुणाला खिळलेले. त्यांचं प्रतिज्ञापत्र, जमातीचा दाखला, नातेवाइकांचे जबाब, त्यांचे अनुवाद, त्यावर शिक्के, असं करत बरेच महिने गेले. खाला ज्या कचेरीत जातील तिथे ऐकत होत्या, मूळ नोंद आणा. चाळीस वर्षांचा संसार झालेल्या बाईला हे सिद्ध करावं लागलं की तो संसार होता.

मोठ्या कंपन्यांमध्ये असं होत नसेल असं वाटत असेल तर गिटलॅबचं प्रकरण माहीत करून घ्यावं. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम जिथे ठेवतात अशी ही जागा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवर डेटा पुसण्याची कमांड दिली. काही सेकंदांत चूक लक्षात आली, पण सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, ९.२ चा, आणि डेटाबेस ९.६ चा. त्यामुळे तो रोज चूक सांगून बंद पडत होता. तो गप्प बसला नव्हता, हे महत्त्वाचं. क्रॉनने त्याच्या तक्रारीच्या ईमेल पाठवल्या होत्या, पण त्या ईमेल खऱ्या कंपनीच्या आहेत हे सिद्ध करणारी सही नसल्यामुळे समोरच्या सर्व्हरने त्या नाकारल्या. सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी डेटाबेसची एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. तरी मधल्या वेळातले किमान ५,००० प्रकल्पांचे बदल, तितक्याच टिप्पण्या आणि सुमारे ७०० नवी खाती गेली. त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर सगळ्यांसमोर चालू ठेवलं आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. अब्रू झाकायच्या नादात इतर कंपन्या जे दडवतात ते यांनी मांडलं, म्हणून आज मला ते इथे लिहिता येतंय.

आकडा विचारायचा म्हणजे शून्य नसेल तर आरडाओरडा करायचा, इतकं सोपंही हे नाही. मजकुरात शब्द शोधणारा ग्रेप घ्या. शब्द सापडला तर ०, सापडला नाही तर १, आणि फाइलच उघडता आली नाही तर २. 'सापडला नाही' ही चूक नव्हे, ते उत्तर आहे. डिफचंही तसंच, दोन फाइली सारख्या तर ०, वेगळ्या तर १, गडबड झाली तर २. नवशिका 'कुठेही अडलं की थांब' अशी सूचना स्क्रिप्टला देतो आणि शब्द न सापडल्यामुळे स्क्रिप्ट अर्ध्यावर मरते. वैतागून तो ग्रेपच्या पुढे दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू' लिहितो. याचा अर्थ, वरचं बिघडलं तरी खरं मान. आता १ बरोबर २ सुद्धा गिळला जातो. मी ज्या स्क्रिप्टा तपासतो त्यात ही 'किंवा खरं' ची शेपटी दिसली की तिथे बोट ठेवून विचारतो, नेमकं कुठलं अपयश तुला चालणार आहे? उत्तर असेल तर तेवढाच आकडा सोडावा. पाइपफेलसुद्धा डोळे मिटून लावण्यासारखा नाही. साखळीतल्या पुढच्याने हवं तेवढं घेऊन दार लावलं तर मागचा १४१ देऊन मरतो, आणि ते अगदी नेहमीचं मरण असतं. विंडोजवरच्या रोबोकॉपीचा रिवाज तर आणखी वेगळा. तिथे १ म्हणजे फाइली नीट उतरल्या, आणि बिघाड मोजायचा तो ८ पासून पुढे. प्रत्येक कमांडीचं मॅन्युअल उघडून आकड्यांचा परिच्छेद वाचण्याला पर्याय नाही. तो बहुधा अगदी शेवटी असतो, कंटाळून माणूस थांबतो त्याच्या पुढे.

काही कमांडी सभ्यपणे फसवतात. इंटरनेटवरून फाइल आणणारा कर्ल घ्या. सर्व्हरने '४०४, असं काही इथे नाही' हे पान दिलं तरी कर्लच्या लेखी काम झालं. मागितलं, काहीतरी मिळालं, शून्य. ते 'सापडलं नाही' चं पान तुमच्या डेटाच्या नावाने साठवलं जातं. त्याला 'फेल' हा पर्याय द्यावा लागतो, मग अशा वेळी तो २२ देतो.

आणि स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक गंमत, जी मला आजही हसवते. काहींना वाटतं, जितक्या चुका सापडल्या तितका आकडा द्यावा, म्हणजे माहितीही मिळेल. ३ चुका, ३. पण आकडा राहतो आठ बिटांत, २५५ च्या वर गेला की पुन्हा शून्यापासून. म्हणजे २५५ चुका झाल्या तर नापास, आणि २५६ झाल्या तर पहिल्या वर्गात पास.

जमातीची स्क्रिप्ट मी नव्याने लिहून दिली. आता तिथे गावातून आणि मुंबईत स्थायिक झालेल्यांच्या घरांतून जमवलेल्या निकाहनाम्यांच्या प्रती स्कॅन होतात. स्क्रिप्ट गाठोडं मुंबईला पोचवते, तिथे ते उघडून आतली चित्रं मोजते आणि दफ्तरातल्या फोल्डरमधल्या मोजणीशी ताडून बघते. जमलं तरच जुनं पुसायचं. 'बॅकअप पूर्ण' हा मेसेज मी काढून टाकला. आता मेसेजमध्ये चित्रांची संख्या येते, कारण चाचांना किती प्रती जमल्या आहेत हे तोंडपाठ असतं आणि संख्या घसरली तर माझ्याआधी त्यांना कळतं. मेसेज आलाच नाही तर मला फोन करायचा, हेही ठरलं आहे. मेलेली स्क्रिप्ट तक्रार करायला येत नाही.

रमजानमध्ये एकदा ऐन सहरीच्या वेळी चाचांचा फोन आला. ''अरे, आज संख्येच्या पुढे १ लिहून आलाय.'' टारचा १ म्हणजे गाठोडं बांधलं, पण बांधत असताना एखादी फाइल बदलली. मी विचारलं, रात्री अकराच्या सुमाराला दफ्तरात कुणी होतं का? तरावीहनंतर दोन मुलं बसून स्कॅनिंग करत होती. म्हटलं, चाचा, बाकी सगळं जागेवर आहे, एखादं पान अर्धवट गेलं असेल, ते उद्या रात्री पुन्हा जाईल. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ''मग त्यांना सांगतो, साडेदहाला उठा. घरचेही त्यांची वाटच बघत असतात.''